चन्नप्पांच्या घराचा काठ

बीडच्या कापडबाजारात चन्नप्पा शेटे यांच्या दुकानावर पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. "आप्पाच्या दुकानातून आणलं," एवढं म्हटलं की पुरे. आप्पाच्या दुकानातल्या लुगड्याचा रंग जात नाही, हे आष्टीपर्यंतच्या बायकांना पाठ होतं. त्यामागं चन्नप्पांची एक रीत होती. नवा माल आला की ते आधी त्याचा छळ करत. कोपरा पाण्यात बुडवत, अंगठ्यानं चोळत, पांढऱ्या फडक्यावर दाबून बघत आणि मग दुकानावरच्या गच्चीत उन्हात टाकून देत. एवढं सोसून जे तसंच राही ते गादीवर येई. विटलं की आल्या वाटेनं सुरतेला परत.

त्यांची दुसरी रीत याहून अवघड होती. गिऱ्हाइकाला "घ्यायचं तर घ्या" असं त्यांनी आयुष्यात म्हटलं नव्हतं. लग्नाच्या बस्त्याला घरं येत, कपाटंच्या कपाटं उलगडायला लावत, माठातलं पाणी संपवत आणि तरीही म्हणत, "आप्पा, अजून दाखवा की." चन्नप्पा दाखवत. शेवटी त्यातली वडीलधारी बाई उठे आणि "बघू, घरी इचारून येते," म्हणून निघून जाई. चन्नप्पा हात जोडत, "या माय. दुकान तुमचंच हाय."

साड्यांच्या डोंगरामागून त्यांचा जुना नोकर बंकट म्हणे, "दुकान त्यांचं आन् घड्या माझ्या."

"बघून गेलेली बाई परत येती बंकट," चन्नप्पा म्हणत. "वरडून घालवलेली बाई सगळ्या भावकीला सांगती."

बोलायला हे ठीक होतं. पण तीस वर्षं दुसऱ्याचं "अजून दाखवा" ऐकणाऱ्या माणसाला एकदा तरी आपणही तसं म्हणून बघावं असं वाटणारच. ती संधी चन्नप्पांना त्यांच्या नव्या घरानं दिली.

घर मुळात हवं होतं त्यांच्या बायकोला, शिवकांताबाईंना. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या दुकानावरच्या खोल्यांत राहत होत्या. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, एक झरोका होता आणि तो शेजारच्या भिंतीवर उघडत होता. भाजीला फोडणी दिली की ठसका खाली दुकानात जाई आणि नव्या साड्यांना लसणाचा वास लागतो म्हणून चन्नप्पा वर येऊन कुरकुरत. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सगळं बीड रस्त्यावर झोपलं. लोक चार दिवसांनी घरात परतले, पण शिवकांताबाईंनी डोक्यावरच्या दगडमातीच्या छपराकडं बघून सांगून टाकलं, "आता ह्याच्याखाली मी फार दिवस न्हाई ऱ्हायची."

म्हणून पालीच्या रस्त्याला जागा घेतली. घर उभं राहिलं. पुढं उतरत्या छपराची पडवी, मागं स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी. गिलावा ओला होता तेव्हाच शिवकांताबाई त्या खिडकीसमोर रिकामं पोतं टाकून बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. उठल्या त्या एवढंच म्हणाल्या, "बसव जयंतीला आत यायचं."

राहिली होती ती फक्त बाहेरची पट्टी. खिडक्यांच्या भोवतीची, छपराच्या कडेची आणि भिंतींच्या कोपऱ्यांवरची. मिस्त्री धोंडीराम तिला नुसतं पट्टी म्हणे. चन्नप्पा मात्र म्हणाले, "पट्टी काय म्हणतो? हा घराचा काठ हाय. पोत कितीबी चांगलं असू दे, काठ इटला की लुगडं गेलं."

धोंडीराम म्हणाला, "मग कोणता काठ लावू?"

इथून पुढं एक वर्ष गेलं.

शेजारचा प्लॉट मोहनरावांचा होता. मोहनराव जिल्ह्याच्या राजकारणात होते, म्हणजे त्यांच्या अंगणात कायम एक जीप आणि पाच-सहा माणसं उभी असत. त्यांनी बंगल्याला कोरीव सागाचा काठ लावला होता. बीडच्या दोन उन्हाळ्यांत तो असा काही पिळला की वेलबुट्टीतले मोर एकमेकांकडं पाठ करून बसले. मग पाऊस झाला, तडे फुगले आणि खालून वाळवी चढली. कोणी विचारलं तर मोहनराव सांगत, "ती डिझाइनच तशी हाय." पुढं त्यांनी एका बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या. वैशाख संपायच्या आत त्या उन्हानं मऊ होऊन मधेच लोंबल्या. ती बाजू नेमकी चन्नप्पांच्या घराकडं होती. तरी मोहनराव भेटले की म्हणत, "चन्नप्पाशेठ, काय लागलं तर इचारा. आमचा अनुभव हाय."

चन्नप्पांनी तो अनुभव रोज बघितला आणि ठरवलं की आपण परीक्षा घेतल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

देशाची बाजारपेठ तेव्हा नुकतीच खुली झाली होती. पूर्वी दुकानदार जे देईल ते घ्यावं लागे, आता जे नको तेही घरपोच दाखवायला माणसं येऊ लागली होती. असाच एक दिवस औरंगाबादहून सुरज नावाचा विक्रेता दुकानात आला. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटारीत बसली होती, पण सुरजच्या गळ्यात टाय होता आणि कंपनीच्या नियमाप्रमाणं त्याची गाठ वरपर्यंत ओढलेली होती. त्यानं गादीवर फायबर सिमेंटचे नमुने मांडले. सिमेंट आणि तंतू दाबून केलेल्या, दोन बोटं जाडीच्याही नसलेल्या पट्ट्या. मग एक गुळगुळीत माहितीपुस्तिका उघडली. तिच्यात अंगणभर बर्फ पडलेलं एक परदेशी घर होतं.

"वाळवी लागत नाही, आग धरत नाही, पावसानं फुगत नाही," सुरज म्हणाला. "कडक हवामानासाठीच बनवलंय सर. हे बघा, एवढ्या बर्फातसुद्धा टिकतं."

बंकट पुढं झुकून बघत म्हणाला, "साहेब, बीडात बर्फ दोनच ठिकाणी. रसवंतीवर आन् मयताच्या घरी."

"आमचं कडक हवामान म्हंजी ह्ये बाहेर हाय ते," चन्नप्पा म्हणाले. "तुमच्या गळ्यातलं सैल करा आधी, चक्कर येऊन पडताल. आन् अजून दाखवा."

हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा चन्नप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की बायका दुकानातून रिकाम्या हातानं इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं का जातात.

सुरजनं गुळगुळीत नमुना दाखवला, लाकडासारख्या रेषांचा दाखवला, रुंद दाखवला, अरुंद दाखवला. कापलेल्या कडांना रंग लावून बंद करायच्या, कडेजवळ खिळा थेट ठोकायचा नाही, आधी भोक पाडायचं, दोन पट्ट्यांच्या सांध्यात थोडी फट ठेवून ती भरून घ्यायची, हेही सांगितलं. चन्नप्पांनी सगळं ऐकलं, नमुने ठेवून घेतले आणि हात जोडले. "बघू. घरी इचारून सांगतो."

सुरज दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत बंकट नमुने गोळा करत होता. मग म्हणाला, "आप्पा, घरी कधी इचारलंय तुमी?"

घरी विचारायची गरज पडली नाही, कारण नमुने घरीच आले. गच्चीवर एका ओळीत सागाचा तुकडा, कडुनिंबाचा तुकडा, पत्रा, प्लास्टिक, गिलाव्याची नक्षी ओतलेली वीट आणि निरनिराळ्या कंपन्यांचं फायबर सिमेंट अशी मांडामांड झाली. सकाळी चन्नप्पा प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतत, दुपारी तापू देत, संध्याकाळी अंगठ्यानं चोळून पांढऱ्या फडक्यावर दाबत. रंग येतो का बघत. विटेचा आला की आनंदानं मान हलवत.

पण तो चैत्र होता आणि चैत्रात गच्ची बायकांची असते. शिवकांताबाई कुरडयांचा चीक शिजवून घमेलं घेऊन वर आल्या आणि थांबल्या.

"आवं, हे काय? कुरडया कुठं घालू मी?"

"जरा कडंला घाल की. परीक्षा चालू हाय."

"कुणाची? माझी?"

त्यांनी पुढं वाद घातला नाही. पट्ट्या सपाट होत्या, स्वच्छ होत्या, उन्हात होत्या. त्यांनी सरळ त्यांच्यावरच ओली फडकी अंथरून कुरडया घातल्या. चन्नप्पा दुपारी वर आले तेव्हा सगळ्या काठावर पांढऱ्या जिलब्या वाळत होत्या. ते चिडणार होते, तेवढ्यात त्यांना दिसलं की ह्या ओल्या-कोरड्या माऱ्यात प्लास्टिक कडेनं वर उचललंय, सागाला केसाएवढा तडा गेलाय आणि फायबर सिमेंट मात्र कुरडयांसकट जागच्या जागी आहे.

"झालं की मग," शिवकांताबाई म्हणाल्या. "हेच लावा. बसव जयंतीला अजून येळ हाय."

चन्नप्पांनी पट्टी उचलली, डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "उन्हाळा झाला. पण पावसाळा कुठं बघितलाय?"

ती बसव जयंती दुकानावरच्या खोल्यांतच झाली. शिवकांताबाईंनी पुरणपोळ्या केल्या. फोडणीचा ठसका खाली गेला तेव्हा चन्नप्पा कुरकुरायला वर आले नाहीत, एवढा शहाणपणा त्यांच्याकडं होता.

पावसाळा आला. चन्नप्पा छत्री घेऊन नमुन्यांशेजारी उभे राहत. पावसाळा झाल्यावर म्हणाले की थंडीत वस्तू आखडते, म्हणून हिवाळा बघितला पाहिजे. हळूहळू गच्ची ही बीडातली बघण्याजोगी जागा झाली. कपिलधारहून यात्रा करून परतणारे पाहुणे दर्शन सांगून झालं की विचारत, "वर जाऊन यावं का?" घरं बांधायला काढलेले लोक येत, अंगठ्यानं चोळत, मान डोलावत आणि जाऊन आपल्या घरांना फायबर सिमेंट लावत. त्यांच्या घरांत माणसं राहायला गेली, बारशी झाली. चन्नप्पांच्या घरात कबुतरं राहायला आली.

फाल्गुन संपता संपता एका दुपारी आभाळ काळं झालं आणि टपाटप गारा पडायला लागल्या. सगळा बाजार आत पळाला. चन्नप्पा बाहेर पळाले. गल्ला उघडाच टाकून, डोक्यावर लोखंडी घमेलं पालथं धरून ते जिना चढले. शिवकांताबाई वाळत घातलेली मिरची गोळा करत होत्या.

"मिरची उचला!" त्या ओरडल्या.

"थांब! बर्फ पडतोय!" चन्नप्पाही ओरडले. घमेल्यावर गारा वाजत होत्या, त्यामुळं त्यांना स्वतःचंच ऐकू येत नव्हतं. "पुस्तकातला बर्फ पडतोय!"

पत्र्याला खळगे पडले. गिलाव्याच्या नक्षीची पाकळी उडाली. फायबर सिमेंटवर गारा आपटून टणाटण उडत होत्या आणि पट्टीला ओरखडाही नव्हता. गारा थांबल्या तेव्हा चन्नप्पांचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला होता. मिरच्या वाहून पन्हाळीत गेल्या होत्या.

शिवकांताबाई ओल्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आता तर झालं?"

चन्नप्पांनी एक गार उचलली, तळहातावर घोळवली आणि विचार करून सांगितलं, "बारीक होत्या गं ह्या."

शिवकांताबाईंनी ओला पदर पिळून खोचला. पन्हाळीतून हाताला लागतील तेवढ्या मिरच्या त्यांनी काढल्या आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दीच्या वेळी त्या जिन्यावरून उतरल्या, मधल्या दारानं न येता रस्त्यानं फिरून पुढच्या पायऱ्या चढल्या आणि गादीसमोर येऊन बसल्या.

बंकटच्या हातातली घडी सुटली. दुकानाच्या मालकीणबाईनं गिऱ्हाइकांत बसायची रीत कापडबाजारात नव्हती. घरात साडी हवी असली की दुकानातून चार-पाच वर पाठवायच्या, एक ठेवून बाकीच्या परत यायच्या. शेजारी बसलेल्या बायका सरकून बसल्या, पण उठल्या नाहीत. असं काही रोज बघायला मिळत नाही.

"काय गं?" चन्नप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"साडी दाखवा आप्पा," शिवकांताबाई मोठ्यानं म्हणाल्या. "घरभरणीला नेसायची हाय."

त्यांनी आप्पा म्हटलं तेव्हा एक बाई फिस्सकन हसली. चन्नप्पांनी बंकटला खूण केली. हिरवी आली, जांभळी आली, मोरपंखी आली. शिवकांताबाईंनी तिसरी हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं, बंकटकडं बघितलं आणि ती बाजूला ठेवली. "अजून दाखवा."

संध्याकाळपर्यंत अजून दाखवलं. मग त्या उठल्या. "बघू. घरी इचारून सांगते."

"घरी कुणाला इचारणार तू?" चन्नप्पांच्या तोंडून गेलं.

"तुमी कुणाला इचारता?"

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. जांभळीचा कोपरा ओला करून मागितला. पांढरं फडकं मागितलं. एका साडीचं पोत चांगलं आहे पण थंडीत आखडेल का, असं विचारलं. "एक पावसाळा गच्चीवर टाकून बघते, मग सांगते," असं म्हणाल्या तेव्हा सबंध दुकान हसलं. बाजारात बातमी गेली. ज्यांना काही घ्यायचं नव्हतं त्या बायकाही येऊन बसू लागल्या आणि शिवकांताबाईंच्या बाजूनं बोलू लागल्या.

"खरंय, उगं घाई कावून करायची?"

"आप्पाच म्हणतात, परीक्षा घेऊन घ्या."

"गारंत टाकून बघा माय. पण मोठ्या गारंत."

चन्नप्पा हसत, घाम पुसत, दाखवत. रात्री जेवताना त्यांनी विषय काढला तर शिवकांताबाई म्हणाल्या, "दुकानातलं दुकानात. घरी गिऱ्हाईक नसतंय." आणि वाढत राहिल्या.

अक्षय तृतीया, म्हणजे बसव जयंती, पुन्हा जवळ आली. एका दुपारी दुकान बायकांनी गच्च भरलं होतं. गादीवर साड्यांचा ढीग चन्नप्पांच्या गळ्यापर्यंत आला होता. शिवकांताबाईंनी शेवटच्या कपाटातली शेवटची साडी मागितली, उलगडून घेतली, उजेडात धरली, डोळ्यासमोर आडवी करून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी हाय. पण अजून—"

"घ्यायची तर घे, न्हाई तर उठ इथून!"

हे शब्द चन्नप्पांचेच होते. तीस वर्षांत या गादीवरून ते निघाले नव्हते. बंकटनं हळूच जोडे शोधायला सुरुवात केली. त्याला वाटलं, दुकान आता बंद होणार.

शिवकांताबाई उठल्या नाहीत. साडीची घडी करत शांतपणे म्हणाल्या, "मला दोन आठवडं बी झालं न्हाईत. मी वरीस झालं ऐकतीय."

चन्नप्पांनी ढिगाकडं पाहिलं. मग समोर बसलेल्या बायकांकडं पाहिलं. त्यांच्यातली एकही हसत नव्हती आणि हेच त्यांना जास्त लागलं. ते उठले, टोपी घातली आणि पायांत एक चप्पल स्वतःची, एक बंकटची घालून चौकातल्या एसटीडी बूथवर गेले. औरंगाबादला फोन लागल्यावर त्यांनी सांगितलं, "सुरज, माल पाठव. तोच, गुळगुळीत. न्हाई, अजून काही दाखवू नको."

काठ बसवायला धोंडीरामानं माणसं लावली. चन्नप्पा शिडीखाली उभे राहून पुस्तिका आरतीसारखी म्हणत. आधी भोक, मग खिळा. कापलेल्या कडेला रंग. सांध्यात फट. जमिनीला टेकवू नको. धोंडीराम प्रत्येक ओळीनंतर "जी" म्हणे. खरं सांगायचं तर काम चांगलं झालं. पांढऱ्या काठानं घर असं उठून दिसलं की मोहनरावांच्या अंगणातली माणसं जीपकडं पाठ करून इकडं बघत उभी राहिली.

बसव जयंतीला सकाळी सगळे जमले. बसवण्णांची तसबीर आली, पूजा सांगायला जंगम आले, पाहुणे आले. भरलेला कलश घेऊन शिवकांताबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. कोणीतरी आंब्याच्या पानांचं तोरण पुढं केलं आणि धोंडीरामानं खिळ्यावर हातोडी उगारली.

"थांब!" चन्नप्पा धावले. "काठावर थेट खिळा? आधी भोक!"

भोक पाडायचं यंत्र आणलं तर वीज गेलेली. हातानं फिरवायचं आणायला माणूस पिटाळला. पाहुणे एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. कलशावरचा नारळ तापला. मोहनराव कुंपणापलीकडून म्हणाले, "शेठ, काय लागलं तर इचारा." चन्नप्पांना मात्र कशाचंच भान नव्हतं. ते शिडीवर चढले होते आणि भोक पडेपर्यंत वेळ आहे तर कोपऱ्यावरचा एक सांधा बोटानं तपासत होते. तिथून त्यांना शिवकांताबाईंच्या अंगावरची साडी दिसली. तिसरी दाखवलेली, मोरपंखी.

"बंकट," ते वरूनच कुजबुजले, "ही कधी घेतली हिनं?"

बंकटनं शिडी धरली होती. "पहिल्याच दिशी. जाताना म्हणल्या, ही बाजूला ठेव, आप्पाला सांगू नको. पुढच्या सगळ्या घड्या मी फुकटच घातल्या."

शिवकांताबाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी मान वर करून शिडीकडं बघितलं.

"मी आत चाल्ले," त्या म्हणाल्या. "तोरण मागून बांधा. तुमचा काठ लई चांगला हाय, पण आतून दिसत न्हाई तो. बघायचा असला तर बाहेरच ऱ्हावं लागंल."

आणि उजवं पाऊल टाकून त्या आत गेल्या. मागोमाग तसबीर गेली, जंगम गेले, पाहुणे गेले. बंकटही शिडी सोडून गेला. अंगणात शिडीवर चन्नप्पा आणि कुंपणापलीकडं मोहनराव, एवढेच उरले.

"शेठ, ते सांध्याचं जरा समजून सांगा की," मोहनराव म्हणाले. "आमच्याबी बंगल्याला टाकावं म्हणतो. पण आधी नमुने गच्चीवर ठेवून बघतो. एक उन्हाळा, एक पावसाळा—"

मागच्या बाजूनं खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग फोडणीचा चर्रर्र आवाज आणि त्याच्यामागून लसणाचा वास, जो पूर्वेच्या खिडकीतून सरळ बाहेर पडून शेतांकडं निघून गेला. कोणालाही ठसका लागला नाही.

चन्नप्पांनी सांध्यावरचं बोट काढलं.

"नंतर या," ते मोहनरावांना म्हणाले आणि पहिल्यांदाच आणखी काही न बघता शिडीवरून खाली उतरू लागले.